खराब कॉपी

पार्कसाइटच्या उतारावर, बँकेच्या जिन्याखाली
माझं झेरॉक्सचं मशीन.
एक बाजू दोन रुपये, फॉर्म भरून हवा तर दहा.
पेन माझं, सही तुमची.

खाते क्रमांक म्हटलं की माणसं चष्मा शोधतात,
नसला तर पासबुक माझ्याकडे सरकवतात.
मी बोट ठेवून सांगतो :
हे पहिले चार म्हणजे ही शाखा,
हा जिना, वरचा बंद पडलेला एसी.
मधले दोन म्हणतात, खातं बचतीचं.
मग शून्यं. मोजा, पाच आहेत.
घाईत चार लिहाल तर पैसा
मध्येच अडकेल, नाहीतर
भलत्याच्या दारात जाऊन बसेल.
आणि उरलेले शेवटचे चार, ते तुम्ही.
आयएफएससीत पाचव्या जागी शून्य असतं, ओ नव्हे,
एवढं सांगायचे मी वेगळे घेत नाही.

द्रौपदाबाई साटमांचा मुलगा मस्कतला.
त्याला नंबर कळवायचा तर बाई घाबरलेल्या,
‘नंबर दिला की पैसे जातात म्हणे.’
मी समोरच्या गल्लीतली पिंपं दाखवली,
निळी, साखळीनं बांधलेली,
प्रत्येकावर ऑइलपेंटनं आकडा.
‘तुमच्या पिंपावर सतरा कशाला रंगवलाय?’
‘पाणी भरणाऱ्याला कळावं म्हणून.’
‘आणि कुलपाची किल्ली?’
बाईंचा हात आपोआप कमरेला गेला.
‘तसंच. मुलाला नंबर द्या, बिनघोर.
पण फोनवर सहा आकडे येतात ना, ती किल्ली.
मागणारा मॅनेजर असो की मॅनेजरचा बाप,
द्यायची नाही.
नंबरसुद्धा ज्याला भरायचंय त्यालाच.
गल्लीभर ओरडून नाही.’
बाई हसल्या. मी पण जरा फुगलोच.

त्याच आठवड्यात, संध्याकाळी सातला,
शिवपूजनकडून पाच रुपयांचे चणे घेतले.
तळाशी कांदा, लिंबू, आणि
कागदाच्या घडीत एक ओळखीचा डोळा.
पुडी उलगडली.
द्रौपदा गणपत साटम.
फोटो अर्धा काळा, कडेला मशीननं चावलेला,
पण आकडे स्वच्छ, पंधराच्या पंधरा,
मोबाईल नंबर, पत्ता, वारसाचं नाव,
आणि खाली ती सही,
साक्षरतेच्या वर्गात तीन महिने गिरवलेली,
तिच्यावर लिंबाचा डाग.

खराब कॉप्या मीच देत होतो त्याला,
दोन वर्षं, गठ्ठ्यानं,
महिन्याला एक मोठी पुडी फुकट या बोलीवर.

टोपलीतले सगळे कागद मागून घेतले.
एक मुलगा पुडी घेऊन वळणावर पोचला होता,
त्याच्यामागे धावलो, पन्नाशीचा माणूस, चपला फटफटत.
‘काय झालं काका?’
‘काही नाही. हिशेब राहिलाय.’
नऊ नावं मिळाली त्या रात्री.
दोन वर्षांत किती गेली, ते
समोसे खाल्लेल्या हातांना ठाऊक.

आता मशीनशेजारी बादली असते.
चुकलेली कॉपी आडवी फाडतो, उभी फाडतो,
आकड्यांवरून मुद्दाम,
मग पाण्यात. सकाळी राखाडी लगदा होतो, वास मारतो.
बायको विचारते, ‘पापड घालणार का याचे?’

द्रौपदाबाईंना सांगायला मला महिना लागला.
ऐकून गप्प बसल्या.
मग म्हणाल्या, ‘चणे चांगले होते का?’
मला उत्तर सुचेना.
त्यांनी स्वतःच मशीनचं झाकण उचललं,
पासबुक काढून पिशवीत घातलं,
वाकून काचेत बघितलं बराच वेळ.
‘ह्याच्यात काही राहत नाही ना?’
‘नाही. नुसता उजेड जातो.’
‘असूदे,’ म्हणाल्या,
आणि पदराच्या टोकानं
काच पुसली, दोनदा.