खरपुडीचं पाणी

लांतुला आम्ही दोरीने बांधून आणलं.
माझा थोरला भाऊ, माझ्याच हातच्या गाठी.
जीपमध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून
तो सहा तास बसला,
आणि उतरताना ड्रायव्हरने
दोघांचं नाही, तिघांचं भाडं घेतलं.

जुलै. मादागास्करच्या पठारावर
तेव्हा कडाक्याची थंडी असते.
लाल मातीची टेकडी, निलगिरीची झाडं,
विटांच्या खोल्या, मध्ये पत्र्याचं देऊळ.
या वस्तीला तुबी म्हणतात.
घरं ज्यांना ठेवून घेत नाहीत
त्यांना इथे ठेवून घेतात.

बाकुली पांढरा झगा घालून आली,
आणि आल्या आल्या तो काढून तिने खुंटीला लावला.
सत्तरीची असेल. पायांत दोन वेगवेगळ्या चपला.
तिने गाठी कापल्या नाहीत, सोडल्या,
एकेक, नखाने,
जणू कुणाच्या वेणीतला गुंता.
दोरीची गुंडाळी करून मला दिली:
"घेऊन जा. वासराला होईल."

लांतुने तिचा अंगठा चावला.
रक्त आलं.
"दात शाबूत आहेत याचे," ती म्हणाली, "चांगलं आहे."
आणि उरलेल्या नऊ बोटांनी
त्याची मुताने ताठरलेली विजार उतरवू लागली.
मी दाराकडे तोंड केलं.

आमच्या भाषेत देवाचं नाव
फोडून वाचलं तर निघतं: सुगंधी प्रभू.
लहानपणी वाटायचं,
मामाच्या व्हॅनिलाच्या गोदामात
तोच राहत असणार.
या खोलीत तो वास नव्हता.
मूत होतं, भिजलेल्या गवताची गादी,
निळा साबण.
कितीतरी वेळाने लक्षात आलं,
आम्हा सगळ्यांत ती एकटीच खोल श्वास घेत होती,
बागेत घेतात तसा नाही,
ओझं उचलताना घेतात तसा.

रविवारी पाळक प्रीतीवर बोलले.
देवाची प्रीती अथांग आहे, म्हणाले.
असेल.
मी मागच्या बाकावरून
बाकुलीच्या अंगठ्यावरची चिंधी पाहत होतो.

संध्याकाळी विहिरीवर तिला गाठलं.
"तुमची प्रीती आहे का माझ्या भावावर?"
तिने रहाट थांबवला नाही.
"इतक्यात कुठली? पाचच तर दिवस झाले."
"मग?"
"मग काय. त्याची आहे. येशूची.
मी नुसती बादली नेते.
नेता नेता माझ्याही अंगावर थोडी सांडते."

मला रागच आला.
बत्तीस वर्षं मी त्याचा भाऊ,
आणि माझ्या अंगावर काय सांडलं होतं?

भात झाला की आमच्याकडे
टोपाच्या तळाची खरपुडी खरवडून टाकत नाहीत.
तिच्यावर पाणी ओततात, उकळतात.
जळकं, सोनेरी पाणी;
आजाऱ्याला चालतं, पाहुण्यालाही.
त्या रात्री पहिला कप तिने लांतुला दिला.
त्याने भिंतीवर फेकला.
दुसरा भरला.
तोही फेकला.
तिसरा भरताना ती काहीतरी पुटपुटली.
प्रार्थना असेल, शिवीही असेल.
मी विचारलं नाही.

पुढच्या जुलैत परत गेलो.
लांतु बरा झाला असं मी सांगणार नाही.
तो बदकांशी बोलतो, माणसांशी क्वचित.
मला ओळखलं की नाही, कळलं नाही.
पण त्याने टोपात पाणी ओतलं,
उकळेपर्यंत उकिडवा बसून राहिला,
कप भरला, आणि देताना
त्याचा कान माझ्याकडे फिरवला.
स्वतः मात्र तापलेल्या बाजूने धरून होता.

पाणी कडू होतं, फार जळलं होतं.
माझ्या पिशवीत ती दोरी होती.
वासराला कधी लावलीच नाही,
आणि इथे का आणली, तेही सांगता येणार नाही.

पलीकडच्या खोलीत बाकुली
दुसऱ्या कुणाच्या तरी गाठी सोडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"दारात उभा राहू नकोस, उजेड अडतो.
आत ये.
बादली धर."