वायर वेगळी

तुम्ही विचारलंत, ऑनलाइन चालतं का यावर,
आणि चालत असेल तर परवडतं का.
साडेतीनशे मोजताय, विचारणारच.
बसा, चहा सांगतो.
हिशेब तोंडपाठ आहे, पण सरळ नाही.

मशीन खिजरच्या मामूनं दम्मामहून आणलं,
ब्लँकेटात गुंडाळून.
अख्ख्या मानवतमध्ये तसलं एकच.
मागच्या अंगाला एक भोक, टेलिफोनच्या पिनेएवढं.
ते दिसलं आणि आमची झोप गेली.

खिजरकडं फोन नव्हता.
आमच्याकडं होता, पण काकांचा, डायलला कुलूप.
उरला नागोरावचा बूथ,
जिनिंगसमोर, पिवळी पाटी.
तीनचाकी दाराशी लावून तो हातांवर आत सरकायचा.
पाय पोलिओनं नेलेले, हिशेब मात्र मीटरच्या पुढं.
म्हणाला, रात्री अकरानंतर या, पाव दर लागतो.
रुपया कमी पडला तर मशीन माझं.

चौदा इंची टीव्ही सायकलवर बांधून नेला.
पहिल्या रात्री नुसती शिट्टी,
मग घरघर, मग किंकाळी, मग गप्प.
चौदा रुपये.
दुसऱ्या रात्री पडद्यावर आलं, थांबा.
थांबण्याचेच एकोणीस.
खिजर म्हणाला, यार, इत्ते में तो परभणी जाके आते.

पाचव्या रात्री लागलं.
टेनिस. पलीकडं कुणीतरी, नाव कुमा, पुढं आकडा सात.
कुठला, बाप्या की बाई, काही पत्ता नाही.
मी सर्व्हिस केली
आणि चेंडू जाळीवर जाऊन
थांबला.
हवेतच.
जिनिंगचा वॉचमन खोकला.
एक कुत्रं रस्ता ओलांडून गेलं.
मीटरचे लाल आकडे तेवढे पळत होते.
मग एकदम चेंडू माझ्यामागं पडलेला.
पॉइंट त्याचा.

नागोराव म्हणाला, तिकडं आत्ता दिवस आहे का रे?
काय की.
दिवसच असंल. एवढ्या रातीला कोण खेळतंय?
और हम? खिजर म्हणाला.

थांबलेला चेंडू असतो कुठं,
परभणीच्या खांबावर, की समुद्राखालच्या तारेत,
हे तेव्हा सुचलं नाही.
मी फक्त त्याच्याकडं बघायचं सोडलं
आणि जिथं तो यावा असं वाटलं तिथं आधीच पळालो.
कुमाही तसंच करत असावा.
दोघंही नसलेल्या चेंडूमागं पळत,
शेवटच्या डावात बरोबरी, चाळीस चाळीस.

तेवढ्यात लाईट गेली.

भारनियमन, दोन ते सहा.
पेपरात आलं होतं, आम्हीच विसरलो.
मीटर विझलं, पण आकडा नागोरावला पाठ होता.
अंधारातच म्हणाला, एकशे बारा.
आणि मी म्हणालो,
त्याला वाटलं असंल, आपण पळालो.
कुणीच काही बोललं नाही.
हरत होतो म्हणून पळालो नाही रे बाबा, लाईट गेली,
हे त्याला कळवायचं कुठं?
त्याच्या भाषेत भारनियमनाला शब्द तरी असंल का?

पुन्हा गेलो ना. पगार झाल्यावर, मग दिवाळीत.
कुमा सात दिसला नाही.
पुढं पलीकडचं दुकानच बंद झालं,
तसा चार ओळींचा निरोप पडद्यावर आला, इंग्रजीत.
नागोराव आता रिचार्ज मारतो, त्याच स्टुलावर.
खिजर दम्मामलाच आहे, मामूच्या जागी.
त्याचा मेसेज टाकल्याबरोबर पोचतो,
मध्ये कुठं अडकत नाही,
आणि त्यात विशेष काही नसतं.

तर, परवडतं का? नाही.
एकशे बारात तेव्हा दोन किलो गोडेतेल यायचं.
दोन हँडल लावा, पोरं शेजारी बसवा, भांडू द्या.
फुकट आहे, आणि चेंडू लगेच परत येतो.

मशीन न्या, साडेतीनशेच द्या.
पिशवीत टेलिफोनची वायर शोधू नका.
ती मी विकत नाही.