हिंदऽ नोडो

भरमूचे नऊ वर्षांत गोल झाले दोन.
त्यातला एक घोट्याला लागून गेला, तोच सांगतो.
वडगावात कुणी विचारलं की मी दोनच सांगते,
मग विचारणारा असं बघतो
की पोरगं तिकडं हॉटेलात भांडीच घासालंय.
मधल्या फळीत आहे, म्हणते.
मधल्या म्हणजे?
म्हणजे ज्याच्याकडून बॉल जातो.

रात्रपाळीला माझ्याकडं चार माग.
वीज गेली की अख्ख्या गल्लीचे कान मोकळे होतात
आणि मी फोन काढते.
लिथुआनियातलं गाव, नाव मला अजून धड येत नाही.
मैदानाकडेला कसलीशी पांढऱ्या सालीची झाडं,
तीनशे माणसं, एक कुत्रं.

सुरुवातीला मी बॉलच्या मागंमागं बघायची.
बॉल इकडं, बॉल तिकडं, भरमू कुठंच नाही.
पुढं कळलं, तो आधीच पोचलेला असतो,
जिकडं बॉल अजून निघालेला पण नाही.
उभ्या उभ्या मान वळवतो,
डाव्या खांद्यावरनं मागं, उजव्या खांद्यावरनं मागं,
चिमणी दाणा टिपायच्या आधी बघते तशी.

ती मान हुक्केरी सरांची.
कॅम्पातल्या लाल मातीत, गळ्यात शिट्टी, अंगठा तुटलेली चप्पल,
ओरडायचे, हिंदऽ नोडो! लेका, हिंदऽ नोडो!
भरमूला तेव्हा कन्नड तेवढंच यायचं.
मागं बघ. कोण आलंय बघ, मग बॉल घे.

आप्पाला हे सर पटत नव्हते.
मोर्चात कोठडी बघून आलेला माणूस,
दुकानाची पाटी वाचायचा ती खालच्या ओळीपासून.
एकदा सर भर पावसात पोराला सायकलवरनं सोडायला आले.
आप्पानंच टॉवेल दिला.
दारात उभ्यानं चहा प्याले दोघं,
तो यांच्या भाषेत, हे त्याच्या,
दोघांचीही मोडकी.

पहिल्या पासपोर्टावर जन्मगाव बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी.
तिसऱ्या क्लबातल्या बाईनं विचारलं,
ही गावं दोन, मग माणूस एकच कसा?
कोर्टासमोरच्या टायपिस्टाकडनं मी स्टँपपेपर करून घेतला
की दोन्ही एकच, शपथेवर.
टायपिस्ट म्हणाला, बाई, एवढं सोपं असतं होय?
शिक्का वाळेपर्यंत हसत होता.

फेब्रुवारीत गुडघा गेला.
फोनवर म्हणाला, आक्का, संपलं बघ.
मग म्हणाला, जेवलीस काय?
आता एक दिवस म्हणतो येवालोय,
एक दिवस म्हणतो बघालोय.
करार जूनपर्यंत आहे. वय बत्तीस.
हुक्केरी सरांना मी अजून सांगितलेलं नाही.

गेला तेव्हा सांबऱ्याला, विमानतळाच्या दारात,
आई म्हणाली होती, जाताना मागं बघू नको.
ऐकलं त्यानं. काचेपर्यंत ताठ गेला.
जन्मात एकदाच त्याला असा चालताना बघितला मी,
लाकडागत.

काल एक जुनी मॅच लावली.
गोलवाली नाही, साधीच, शून्य-शून्य.
पहिल्या हाफात मोजत बसले, त्रेचाळीस वेळा.
चव्वेचाळिसाव्याला वीज आली,
तिसऱ्या मागावर धागा तुटलेला.
फोन चालूच होता, पालथा ठेवला
आणि गाठ मारायला वाकले.