घरघर

हॅमरफेस्टच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
नोव्हेंबरात सूर्य गेला तो गेलाच.
दुपारी दोनलाही दिवे,
आणि दिव्याखाली ओड्मुंड आइकेलान, वय एक्याऐंशी,
जबडा आवळलेला, मुठी आवळलेल्या,
चार रात्री डोळ्याला डोळा नाही.

मी त्याला त्या पलंगावर घेते
ज्याच्या गादीखाली सहा स्पीकर आहेत.
ऐकायचं नाही, सांगते, नुसतं पडून राहायचं.
सूर पाठीतून येतो.
वर हार्प, खाली चाळीस हर्ट्झ.

"ही तारा छेडणारी बाई कोण?
घरी पाठव तिला."

असं करायचं नसतं, तरी हार्प बंद करते.
मग उरतो फक्त तो खालचा,
कानांना न सापडणारा, हाडांना ओळखीचा.
टेबलावर पेल्यातलं पाणी शहारतं.

"जास्त पळतंय. उतरव."
अडतीस.
"अजून."
चौतीस.
"अजून, पोरी. बंदरात शिरतोय आपण."
एकतीसला माझं यंत्र जरा कुरकुरतं,
आणि तिथेच तो डोळे मिटतो.

एकच सिलिंडर होता, म्हणतो. बाप आणि मी,
दोघं त्याच्या शेजारी निजायचो,
बंद पडलं की जाग यायची.
कॉड संपला तेव्हा सरकारनं पैसे दिले
होडी मोडायचे. काठावर ओढून
मीच काडी लावली. बोर्गहिल्ड नाव होतं.
चांगली जळली.
इंजिन कुठे जळतंय?
ते रात्री फ्योर्डात सोडलं, कुणाला न सांगता.
खाली आहे अजून.

पुढचं पुटपुटणं मला कळलं नाही.
बहुधा आकड्यांत होतं, वावांच्या खोलीचं.
उजवी मूठ सुटली, आणि बोटं
कशावर तरी सैल वळली,
सुकाणूच्या दांड्याएवढ्या जाडीवर.

रांडी गोळीचा कागदी पेला घेऊन दारात.
छातीचा आवाज ऐकून दचकली,
हळूच विचारलं, घरघर लागली?
लागली, म्हटलं मी. इंजिनची.
ती गोळी तशीच परत घेऊन गेली.

वीस मिनिटांनी यंत्र आपोआप थांबतं.
त्याची भुवई हलली. बापाशेजारी जागं होणारा मुलगा
क्षणभर वर आला.
मी पटकन बटण दाबलं.

बाहेर साडेतीनच्या बाई बसल्यात, पित्ताशयाच्या,
दोनदा खाकरून झालंय त्यांचं.
बसू देत.
भरतीच्या वेळी धक्क्याला लागायचं म्हणजे
घाई करून चालत नाही.