सोड्यांची केस

रुवीत, तिसऱ्या मजल्यावर,
टिपणीसताईंच्या बरणीतले सोडे कमी झाले.
अलिबागचे सोडे. मस्कतच्या कस्टमला
"औषध आहे" सांगून सोडवलेले.

ताईंनी चष्मा पुसला, वही उघडली.
पहिला संशय बोक्यावर.
मुदीर त्याचं नाव, म्हणजे साहेब;
वागणंही तसंच, काम शून्य.
"पण मुदीर झाकण परत लावत नाही,"
ताई म्हणाल्या. "तेही इतकं घट्ट!"
मुद्दा बिनतोड होता.

वॉचमन कुंजुमोनला कोळंबीने अंगावर पित्त उठतं,
समोरचे मिसरी मास्तर सुट्टीवर.
राहिलो मी, पेइंग गेस्ट.
पण मी लेले. लेल्यांच्यात खात नाहीत.
वहीत माझं नाव लिहून
ताईंनीच ते खोडलं.

मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पीठ पसरलं.
पहाटे ताईंचा डोळा लागला.
सकाळी पिठात चार पंजे
आणि शेजारी एक माणसाचं पाऊल,
अंगठा जरा वाकडा.

ताई आता इमारतभर पाय बघत हिंडताहेत.
बाहेर सेहेचाळीस डिग्री,
मी दोन दिवस मोज्यांत.

संध्याकाळी मुदीर माझ्या खोलीत येतो.
ओरडत नाही.
नुसता मोज्यांकडे बघत बसतो,
मी त्याचा हिस्सा काढेपर्यंत.