वास घेऊन बघा

चटई घ्यायला आलेला माणूस आधी तिच्यावर बसत नाही,
वास घेतो.
बावीस वर्षं झाली, जळगावात फुले मार्केटच्या या गाळ्यात
मी माणसांची नाकं बघतोय.
मग नख. मग एक कोपरा मुडपून
ट्यूबलाइटसमोर धरणं, जणू आत कुणी लपलंय.
मग तो प्रश्न, हळू आवाजात, बायकोकडे न बघता:
"भाऊ, ही फ्रेश ना? की आरपी?"

आरपी म्हणजे फुटक्या खुर्च्या, बिनकडीच्या बादल्या, झाकणं,
एमआयडीसीत दळलेला त्यांचा चुरा,
मग दाणा, मग धागा, आणि शेवटी मोर.
मोर दोन्हींवर सारखाच नाचतो.
फरक साठ रुपयांचा.

झुंबरशेठचा मुलगा पुण्याहून शिकून आला तेव्हा
त्याने आरपीवर हिरव्या पानाचा स्टिकर लावला: पुनर्निर्मित.
धरणगावकडच्या एका म्हाताऱ्याने ते अक्षर अक्षर वाचलं
आणि विचारलं, "म्हंजे मढाखालनी शे का?"
आठवडाभर गठ्ठे जागचे हलले नाहीत.
मग शेठने स्वतः बसून स्टिकर सोलले,
भाव चाळीसनी चढवला.
शनिवारी माल संपला.
स्वस्त होती तोवरच तिला वास येत होता.

हीच माणसं मला नेरी नाक्यावर भेटतात.
जळालेली मोटर भरून घेतात, घासलेले टायर रिमोल्ड करतात,
आणि चहा पाजून सांगतात,
कंपनीपेक्षा भारी चालतं.
सराफात तर विचारूच नका.
पाटल्या मोडून गोफ, गोफ मोडून मंगळसूत्र,
कुणाची आई, कुणाची सवत, कुठली चोरी,
सगळं एका मुशीत.
सोन्याला नाक लावलेला माणूस
मी अजून पाहिला नाही.

माझंही सांगून टाकतो.
माझ्या घरी फ्रेश चटई आहे,
पाहुण्यांसाठी, कपाटामागे, गुंडाळून उभी.
आम्ही गच्चीवर आरपी टाकतो.
सकाळी पोराच्या पाठीवर
अर्धा मोर उमटलेला असतो.

काल दुपारी डांबर चपलेला धरून ठेवत होतं
तेव्हा मंजुळा सपकाळे आली.
नऊ वर्षं क्रशरवर भंगार निवडायला बसते.
वास तिनेही घेतला, पण
परक्या घरची डाळ ओळखावी तसा.
लाल पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली,
"हाऊ खुर्च्यास्ना माल शे. मंडपवालास्ना.
यामा मना हात शेत."

मी म्हटलं, मग कुठली देऊ?
कमरेचे पैसे काढले, मोजले, परत खोचले,
परत काढले.
"नवी आंडेरना सासरले धाडसू.
त्या लोके नाक लावतीन.
हाई मना घर."

सवयीने मी बोललो, मावशी, एकदा धुऊन घ्या.
ती एवढी हसली की शेजारच्या गाळ्यातून
बांगडीवाला डोकावला.
"धुयेलच शे, भाऊ. मीच धुयेल शे."

मी सुतळी आवळत होतो.
ती लाल चटईवर थाप मारून म्हणाली,
"फाटनी ते मनाजोडेच येई."
पावतीवर मी लिहिलं: चटई, नग दोन, सहा बाय चार.
कुठली कोणती, त्याला रकाना नव्हता.
दोन्ही तिने एकाच काखेत मारल्या,
रिक्षावाल्याला नको म्हणाली,
आणि सावली धरून धरून
टॉवरच्या दिशेने निघाली.