मागच्या बाजूचा शिक्का

टोलीडोत जानेवारी म्हणजे दुपारी चारलाच दिवे.
औषधांच्या दुकानात, खोकल्याच्या गोळ्यांपलीकडे
फोटो काउंटर आहे. तिथे मी.
छातीवर पाटी: विदू.
'ला' त्यांच्या जिभेला जड जातो, मीच कापून दिला.

बर्निसबाई आल्या बुटांवरचा बर्फ आपटत,
ब्रेडच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढला.
कॅसिमिर. सोमवारी गेला.
जीपच्या कारखान्यात पंचवीस वर्षं भरली तेव्हाचा,
त्र्याऐंशी सालचा. केस पाण्याने बसवलेले.
"मोठा करून दे. शवपेटीशेजारी ठेवायचाय."

मी फोटो उलटा केला. हाताला सवयच लागते.
मागे जांभळा शिक्का:
हॅलर स्टुडिओ, अ‍ॅडम्स स्ट्रीट. सर्व हक्क राखीव.

आता हे कसं सांगायचं,
की चेहरा तुमच्या माणसाचा, पैसे तुम्ही मोजलेले,
टायची गाठसुद्धा तुम्हीच मारलेली,
पण चित्र, ज्यानं बटण दाबलं त्याचं.
तो जगला तोवर त्याचं, आणि मेल्यावर वर सत्तर वर्षं.

"हॅलर गेला की. मी मातीला होते त्याच्या."
मग वारसांचं.
"मूलबाळ नव्हतं त्याला."
मग कुणाचं तरी.
माणूस बेवारस होतो पटकन, त्याचा हक्क होत नाही.

काउंटरखाली लॅमिनेट केलेला कागद आहे, चार प्रश्नांचा:
कशासाठी घेताय, मूळ वस्तू कुठल्या जातीची,
त्यातलं किती घेताय,
आणि त्यानं मालकाचा गल्ला हलका होतो का.
तो वाचला की मला मिरजेतलं विरजण आठवतं.
वाटी घेऊन कुलसुमचाचींच्या दारात उभी मी.
पातेलंच उचललं असतं तर चोरी.
चमचाभर आणलं, दूध आपलं, ऊब आपली, रात्र आपली,
तर सकाळी लागलेलं दही कुणाचं
हे चाचींनी कधी विचारलं नाही.

पण बर्निसबाईंना चमचा नको होता.
सगळा कॅसिमिर हवा होता, आठ बाय दहा.

मॅनेजर ड्वेन म्हणाला, बहुधा चालेल.
मग म्हणाला, बहुधा नाही.
वकीलही हेच सांगेल, फक्त बिल लावून.
खाली हॅलरचं नाव छापूया का, मी विचारलं.
"नाव देणं ही सभ्यता झाली, विदू. परवानगी वेगळी."

बाई भांडल्या नाहीत. पर्समध्ये पुन्हा हात घातला.
रुमाल, किल्ल्या, कूपनं, मग दुसरा फोटो:
स्वयंपाकघर, सगळं हललेलं,
कॅसिमिर बनियनवर, तोंडात अर्धं सॉसेज,
हसतोय की खेकसतोय कळत नाही.
उजव्या कोपऱ्यात गुलाबी ढग. बाईंचा अंगठा.
"हा मी काढलेला. वाईट आलाय."

वाईट असू दे, तुमचा आहे, मी म्हटलं.
नोंद नको, शिक्का नको, कुठे अर्ज नको.
बटण दाबलंत तेव्हाच तुमचा झाला.

त्या बघत राहिल्या. माझ्याकडे नाही, फोटोकडे.
"घर त्याच्या नावावर होतं. गाडी त्याच्या.
बँकेचं पुस्तकसुद्धा."
पुढे काही बोलल्या नाहीत.

मशीन घरघरलं. कोपऱ्यातला ढग आता लिंबाएवढा.
कापू का हा?
"राहू दे."
आमच्याकडे खरेदीखतावर अंगठाच उठवायचे,
हे मी सांगणार होते, पण मागे रांग होती.

तीन डॉलर नव्याण्णव सेंट.
हॅलरचा कॅसिमिर ब्रेडच्या पिशवीत परत गेला,
टाय बांधलेला, पाकिटाएवढा.
बनियनवाला त्यांनी कोटाच्या आत, छातीशी धरला
आणि दार खांद्याने ढकललं.